मुलांमधील ऑटिझम: तपासणी कशी होते आणि निदानानंतर काय करावे

दीड-पावणेदोन वर्षांचे मूल हाक मारल्यावर वळून पाहत नाही, हवी असलेली वस्तू बोटाने दाखवण्याऐवजी आईचा हात धरून तिथपर्यंत ओढत नेते, खेळण्यातली गाडी चालवण्यापेक्षा तिची चाके फिरवण्यात बराच वेळ रमते, अशा गोष्टी घरात बहुधा आईच्या किंवा आजीच्या लक्षात सर्वांत आधी येतात. मग आजूबाजूची माणसे धीर देऊ लागतात. ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बाबाही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता’, ‘शाळेत घातला की आपोआप बोलेल’ ही वाक्ये प्रेमापोटीच उच्चारलेली असतात आणि काही मुलांच्या बाबतीत ती खरीही ठरतात. ज्यांच्या बाबतीत ती खरी ठरत नाहीत, त्या मुलांची मेंदूची घडण वेगाने होण्याची वर्षे मात्र वाट पाहण्यातच निघून जातात. म्हणून शंका आली की तपासणी करून घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्याचबरोबर ही तपासणी म्हणजे मुलावर सुनावलेला निकाल आहे असे समजू नये. मूल ऑटिस्टिक आहे की नाही एवढेच उत्तर देणारी तपासणी अपुरी असते. या मुलाला काय जमते, काय जड जाते आणि उद्या सकाळपासून घरात व शाळेत काय वेगळे करायचे, हे पालकांना कळले तरच तिचा उपयोग झाला असे म्हणता येते.

ऑटिझम म्हणजे काय

ऑटिझम किंवा स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतली भिन्नता आहे. ती जन्मापासून असते आणि आयुष्यभर राहते, मात्र तिचे स्वरूप वयानुसार व मिळालेल्या आधारानुसार बदलत जाते. निदानासाठी आपल्याकडचे डॉक्टर प्रामुख्याने डीएसएम-५ या नावाने ओळखले जाणारे निकष वापरतात. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने ते २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांत लक्षणांचे दोन गट आहेत. पहिला गट सामाजिक संवादाचा असून त्यात तीन बाबी पाहतात: बोलण्या-खेळण्यातली देवाणघेवाण, नजर व हावभाव यांचा वापर, आणि वयाला साजेशी नाती जोडण्याची क्षमता. निदानासाठी या तिन्हींमध्ये अडचण दिसावी लागते.

दुसऱ्या गटात चार बाबी असून त्यांपैकी किमान दोन आढळाव्या लागतात. हात फडफडवणे किंवा टीव्हीवरच्या जाहिरातीतली वाक्ये जशीच्या तशी पुन्हा पुन्हा म्हणणे ही पहिली. ठरलेला क्रम मोडला की अनावर अस्वस्थ होणे ही दुसरी. रिक्षावाल्या काकांनी शाळेचा नेहमीचा रस्ता बदलला म्हणून मूल आकांत करते, ते याचेच उदाहरण होय. पंखे, लिफ्ट किंवा लोकलच्या स्थानकांचा क्रम अशा एखाद्या विषयाचा असाधारण ध्यास ही तिसरी बाब आहे. चौथी बाब संवेदनांची आहे आणि ती घरच्यांना सर्वांत कमी समजते. कुकरची शिट्टी, गणपतीतले ढोल-ताशे, शर्टाच्या कॉलरमागचे लेबल, केस कापताना मानेला होणारा स्पर्श यांचा काही मुलांना खरोखर असह्य त्रास होतो, तर काही मुलांना जोरात दाबून धरलेले, गोल गोल फिरवलेले हवेहवेसे वाटते. वरणभाताव्यतिरिक्त काहीच न खाणारे मूल लाडावलेले असते असे गृहीत धरू नये. पदार्थाचा पोत आणि वास त्याला आपल्याहून वेगळा जाणवत असण्याची शक्यता आधी तपासावी.

पूर्वी वापरात असलेले अॅस्पर्गर सिंड्रोमसारखे (बोलणे व बुद्धी चांगली, पण सामाजिक संवाद अवघड अशांसाठीचे) वेगळे वर्ग २०१३ पासून एकाच स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कमी-अधिक लक्षणांच्या एकाच पट्ट्यात, सामावून घेतले गेले. त्यामुळे दहाव्या वर्षीही एक शब्द न बोलणारे मूल आणि अभियांत्रिकीच्या वर्गात एकटा बसणारा हुशार मुलगा या दोघांच्याही अहवालावर एकच नाव असू शकते. काही मुलांमध्ये ऑटिझमबरोबर बौद्धिक अक्षमता असते, काहींमध्ये नसते, आणि पालकांना या दोन गोष्टी स्वतंत्रपणे समजावून सांगितल्या गेल्या पाहिजेत.

कारणांबाबत आज एवढे निश्चित सांगता येते की आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे आणि संगोपनातल्या चुकीमुळे ऑटिझम होत नाही. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये या मुलांचे वर्णन केल्यानंतर पुढची दोन-तीन दशके पाश्चात्त्य देशांत आईच्या कोरडेपणाला दोष दिला जात असे. ती कल्पना संशोधनाने कधीच निकालात काढली आहे, तरीही आपल्या घरांमध्ये ती रूप बदलून टिकून आहे. आई नोकरी करते म्हणून, वेगळे बिऱ्हाड केले म्हणून, गरोदरपणात ती रडत असे म्हणून असे झाले, ही वाक्ये आजही उच्चारली जातात आणि ती सर्वस्वी चुकीची आहेत. लसीचा संबंध जोडणारा १९९८ चा शोधनिबंध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला. डेन्मार्कमधील साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासणाऱ्या २०१९ मधल्या अभ्यासातही गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीमुळे ऑटिझमचा धोका वाढलेला आढळला नाही. मोबाईलमुळे ऑटिझम होतो असेही सिद्ध झालेले नाही. मोबाईलवर जाणारा वेळ माणसांशी होणाऱ्या संवादातून वजा होतो, म्हणून तो कमी करणे हिताचेच आहे. ‘आधी सहा महिने मोबाईल बंद करून बघू, मग डॉक्टरांकडे जाऊ’ असे मात्र करू नये. मोबाईल आजच बंद करता येतो आणि डॉक्टरांची वेळही आजच घेता येते.

पहिली पायरी: चाळणी

चाळणी चाचणी आणि निदान यांत पुष्कळदा गल्लत होते. चाळणी म्हणजे कोणत्या मुलाची बारकाईने तपासणी करायला हवी हे ठरवणारी छोटी प्रश्नावली. जगभर सर्वाधिक वापरली जाणारी एम-चॅट ही प्रश्नावली १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असून तिच्यात पालकांनी हो किंवा नाही असे उत्तर द्यायचे २० प्रश्न आहेत. तुम्ही खोलीतल्या एखाद्या वस्तूकडे बोट दाखवले तर मूल तिकडे पाहते का, आवडलेली गोष्ट केवळ दाखवण्यासाठी तुमच्याकडे आणते का, इतर मुलांमध्ये त्याला रस वाटतो का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न असतात. धोका दर्शवणारी उत्तरे दोनपर्यंत असतील तर काळजीचे कारण कमी समजतात, तीन ते सात असतील तर पुढचे खुलासेवार प्रश्न विचारतात, आणि आठ किंवा अधिक असतील तर थेट सविस्तर मूल्यमापनासाठी पाठवतात. चाळणीत अडकलेले प्रत्येक मूल ऑटिस्टिक नसते, पण त्यांतल्या बहुतेक मुलांच्या विकासाकडे लक्ष देण्याची गरज असते. उलट चाळणीतून सुटलेल्या मुलाबाबत घरच्यांची शंका कायम राहिली, तर ती शंका प्रश्नावलीपेक्षा महत्त्वाची मानून पुढे जावे.

सरकारी यंत्रणेत हे काम राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाकडे आहे. त्याची देशातली सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून, म्हणजे त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातून झाली. या कार्यक्रमातली फिरती आरोग्य पथके अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांना वर्षातून एकदा तपासतात. विकासातला विलंब हा त्यांच्या तपासणीच्या चार मुख्य विषयांपैकी एक आहे. शंका आल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवले जाते. ही केंद्रे बहुधा जिल्हा रुग्णालयाशी जोडलेली असतात आणि तिथली सेवा मोफत असते. खासगी थेरपीचा खर्च ज्यांना झेपणार नाही त्यांनी अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईंना या केंद्राबद्दल अवश्य विचारावे. शहरातल्या पालकांनाही या केंद्रांची माहिती पुष्कळदा नसते, याचे मला वाईट वाटते.

ऑटिझम आपल्याकडे दुर्मीळ आहे हा समज आता धरून बसता येत नाही. उत्तर गोव्यासह देशातल्या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ऑटिझमचे प्रमाण साधारणपणे शंभरात एक असे आढळले, आणि मेंदूविकासाशी संबंधित पाहणीतली कोणती ना कोणती अडचण असलेली मुले आठांत एक एवढी होती.

सविस्तर मूल्यमापनात काय होते

रक्त तपासून, एमआरआय काढून किंवा मेंदूचा आलेख घेऊन ऑटिझमचे निदान होत नाही. एखाद्या दवाखान्यात एवढ्यावरच निदान करून देऊ असे सांगितले, तर दुसरीकडे जाणे योग्य ठरेल. फिटची शंका असेल तर ईईजी करतात, कारण ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये अपस्माराचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते. चेहऱ्याची ठेवण, डोक्याचा घेर किंवा कुटुंबाचा इतिहास पाहून डॉक्टर काही वेळा जनुकीय तपासणी सुचवतात. या तपासण्यांना त्यांची जागा आहे, पण निदान होते ते मुलाचा पूर्ववृत्तान्त ऐकून आणि मुलाला प्रत्यक्ष पाहूनच.

सर्वांत आधी श्रवणशक्ती तपासावी. हाक मारल्यावर न पाहणाऱ्या मुलाला कदाचित ऐकूच येत नसेल, आणि पालकांनी ‘टीव्हीवरचे गाणे लागले की धावत येतो, म्हणजे ऐकू येते’ असे म्हटले तरी तेवढ्यावर विसंबून चालत नाही. बेरा या चाचणीत मूल झोपलेले असताना कानापासून मेंदूपर्यंत आवाज पोहोचतो की नाही हे यंत्राने मोजतात, त्यामुळे मुलाने प्रतिसाद देण्याची गरज नसते. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाक् व श्रवण दोषांवर काम करते.

त्यानंतरचे काम शक्यतो एकट्या डॉक्टरचे नसावे. मुलांच्या विकासातले विशेष शिक्षण घेतलेले बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, स्पीच थेरपिस्ट आणि रोजची कामे जमवायला शिकवणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट असे पथक असेल तर चित्र पुरे उमटते. ते पालकांशी दीर्घ मुलाखत घेतात. गरोदरपण आणि बाळंतपण कसे झाले, बाळ केव्हा हसले, केव्हा चालले, आलेले शब्द मध्येच गेले का, झोप कशी आहे, काय खाते, पाहुणे आले की काय करते, हे सगळे विचारतात. या मुलाखतीला जाण्यापूर्वी मुलाच्या जुन्या वाढदिवसांचे आणि घरातल्या रोजच्या खेळाचे मोबाईलवरचे व्हिडिओ काढून ठेवावेत. परक्या खोलीत मूल घाबरून गप्प बसले तर हेच व्हिडिओ सर्वांत मोलाची माहिती देतात. आजी-आजोबा किंवा पाळणाघरातल्या ताई यांचे निरीक्षणही लिहून न्यावे.

मग मुलाशी खेळत, बोलत त्याला पाहतात. एडॉस या चाचणीत बुडबुडे, खेळण्यातली माणसे, खाऊ अशा साधनांनी मुद्दाम असे प्रसंग घडवतात की मुलाला मदत मागावी लागेल, आनंद वाटून घ्यावासा वाटेल किंवा एखाद्याच्या भावनेला प्रतिसाद द्यावा लागेल. ती चांगली आहे, पण महाग आहे आणि खास प्रशिक्षण घेतलेल्यांनाच करता येते, म्हणून भारतात सगळीकडे मिळत नाही. तिच्याऐवजी पंधरा मुद्द्यांवर गुण देणारी कार्स ही मोजपट्टी किंवा भारतात तयार झालेली इसा ही मोजपट्टी वापरतात. इसा सिकंदराबादच्या, बौद्धिक अक्षमतेवर काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने तयार केली. तिच्यात ४० मुद्दे असून प्रत्येकाला एक ते पाच गुण देतात, आणि एकूण बेरीज ७० किंवा त्याहून अधिक आली तर ऑटिझम धरला जातो. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तिचाच आधार घेतला जातो, त्यामुळे पालकांना तिचे नाव माहीत असलेले बरे.

ऑटिझमची मोजपट्टी एवढ्यावर काम भागत नाही. मुलाचा एकूण विकास वयाच्या मानाने कुठे आहे हेही पाहावे लागते. अडीच वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी दासी ही भारतीय चाचणी आहे, जिच्यामागे प्रमिला फाटक यांनी बडोद्यात केलेले काम आहे. स्वतः जेवणे, कपडे घालणे, रस्ता ओलांडणे अशा रोजच्या व्यवहारांची पातळी मोजणाऱ्या व्हाइनलँड मोजपट्टीचे भारतीय रूप ए. जे. मालिन यांनी घडवले. बुद्ध्यांकाच्या आकड्याकडे मात्र सावधपणे पाहावे. जे मूल खुर्चीवर पाच मिनिटे बसत नाही किंवा बोलत नाही, त्याला शब्दांवर आधारलेली बुद्धिमापन चाचणी देऊन आलेला आकडा त्याच्या बुद्धीचा नसून त्या दिवशीच्या सहकार्याचा असतो.

भाषेचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा आहे आणि तो हमखास दुर्लक्षिला जातो. मूल घरी मराठी, किंवा मालवणी, अहिराणी, कोकणी ऐकत असेल आणि चाचणी इंग्रजीत किंवा हिंदीत झाली, तर त्याचे निम्मे कौशल्य कागदावर उतरणारच नाही. चाचणी कोणत्या भाषेत होणार हे पालकांनी आधीच विचारावे, आणि मुलाचा दिवस खराब गेला असेल, तो रात्रभर जागा असेल किंवा तापातून उठला असेल, तर पुढची तारीख मागायला संकोच करू नये.

मुलींच्या बाबतीत निदान अधिक उशिरा होते किंवा होतच नाही. ऑटिझमचे निदान मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये तीन-चार पटींनी जास्त होते, त्यामुळे मुलीबाबत शंकाच कमी घेतली जाते. शिवाय काही मुली इतरांचे वागणे पाहून त्याची नक्कल करायला शिकतात, वर्गात शांत बसतात आणि घरी आल्यावर कोसळतात. शांत, शहाणी मुलगी आपल्याकडे कौतुकाचा विषय असते, म्हणून तिच्या थकव्याकडे लक्ष जात नाही.

अहवाल हातात आल्यावर

चांगल्या अहवालात मुलाच्या अडचणींइतक्याच त्याच्या जमेच्या बाजू नोंदवलेल्या असतात आणि पुढच्या तीन-चार महिन्यांसाठी नेमक्या सूचना असतात. ‘ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि स्पीच थेरपी सुरू करा’ ही सूचना नेमकी नाही. ‘पाणी हवे असल्यास पेल्याचे चित्र हातात देण्याची सवय लावावी’ ही सूचना नेमकी आहे. असे काही लिहिलेले नसेल तर पालकांनी ते मागून घ्यावे. अहवालातला इंग्रजी मजकूर मराठीत समजावून सांगण्याचा आग्रह धरणे हा त्यांचा हक्क आहे.

तीव्रतेचे स्तर एक ते तीन असे लिहिलेले असतात. ते मुलाला किती आधार लागेल हे सांगतात, मूल मोठेपणी कसे होईल हे सांगत नाहीत. ‘सौम्य’ या शब्दाने हायसे वाटणे स्वाभाविक आहे. पण बोलता येणाऱ्या, अभ्यासात पुढे असलेल्या मुलाला मित्र नसण्याचे, चिडवले जाण्याचे दुःख सौम्य असेलच असे नाही. त्याचप्रमाणे तीन वर्षांच्या मुलाच्या अहवालावर ‘तीव्र’ असे वाचून सगळे संपले असेही मानू नये. पहिल्या महिन्यांत आई-वडिलांना बसणारा धक्का, राग, एकमेकांशी होणारे वाद यांनाही जागा द्यावी लागते, आणि त्यासाठी समुपदेशन घेणे म्हणजे खचणे नव्हे. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा शहरांत पालकांचे आधारगट आहेत, आणि अनुभवी पालकाशी झालेले एक तासाचे बोलणे कित्येकदा डॉक्टरांच्या भेटीहून अधिक धीर देते.

थेरपी, घर आणि भाषा

निदान पक्के होईपर्यंत मदत सुरू करायची नाही, असा नियम कुठेही नाही. विकासात विलंब दिसत असेल तर स्पीच थेरपी आणि खेळातून शिकवणे लगेच सुरू करावे. नंतर ऑटिझम नाही असे ठरले तरी त्याने मुलाचे नुकसान होत नाही.

थेरपी म्हणजे काय याबाबत बराच गोंधळ असतो. स्पीच थेरपी फक्त उच्चार शिकवत नाही, ती संवाद शिकवते. मुलाला शब्द येत नसतील तर चित्रे, हातवारे किंवा टॅबवरचे बोलणारे अॅप वापरून मागणे, नकार देणे, दुखते आहे हे सांगणे शिकवता येते. चित्रांची सवय लागली तर मूल बोलणारच नाही, ही भीती पालकांना वाटते, पण आजवरच्या अभ्यासांतून तसे दिसलेले नाही. अनेक मुलांचे बोलणे उलट वाढते. ऑक्युपेशनल थेरपी दात घासणे, बटण लावणे, पेन्सिल धरणे आणि संवेदनांचा त्रास कमी करणे यांवर काम करते. वर्तनावर आधारित पद्धतींमध्ये एखादे कौशल्य लहान लहान तुकड्यांत शिकवून प्रत्येक यशाला दाद देतात. त्यांचा उपयोग होतो, तथापि मुलाला डोळ्यांत बघायला भाग पाडणे किंवा कोणाला त्रास न देणारे हात हलवणे बंद करवणे हेच ध्येय ठेवले जात असेल, तर ती पद्धत मुलाच्या भल्यासाठी चाललेली नाही असे माझे स्पष्ट मत आहे. मोठे झालेले अनेक ऑटिस्टिक लोकही हेच सांगत आले आहेत.

घरच्या सहभागाबाबत गोव्यातला एक अभ्यास मला मोलाचा वाटतो. ब्रिटनमध्ये विकसित झालेली एक पद्धत गोव्यातल्या आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या कुटुंबांसाठी बदलून घेण्यात आली, आणि तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालक व मूल यांच्या खेळाचे चित्रण करून ते पालकांसोबत पाहिले, आणि मुलाने दिलेला बारीकसा इशारा कुठे निसटला, कुठे पालकांनी तो बरोबर टिपला, हे दाखवून दिले. आठ महिन्यांनंतर पालक मुलाच्या कलाने अधिक प्रतिसाद देऊ लागले आणि मुलेही स्वतःहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. तज्ज्ञांची संख्या जिथे अपुरी आहे अशा भागासाठी याचा अर्थ फार मोठा आहे.

या पद्धतीचे सूत्र घरी वापरता येते. मूल भांडी एकावर एक रचत असेल तर त्याच्याजवळ जमिनीवर बसून आपणही एक वाटी रचावी, त्याने पाहिले की थांबावे, आणि ‘अजून?’ एवढेच विचारून वाट पाहावी. प्रश्नांचा मारा करू नये. अंघोळ, पोळ्या लाटणे, भाजी निवडणे, देवघरात घंटा वाजवणे हे प्रसंग रोज त्याच क्रमाने येतात, म्हणून शिकण्यासाठी ते फार सोयीचे असतात.

अनेक मराठी घरांना ‘गोंधळ नको, मुलाशी फक्त इंग्रजीत बोला’ असा सल्ला मिळतो. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलाचा भाषाविकास मागे पडतो असे अभ्यासांतून आढळलेले नाही. घरातली माणसे ज्या भाषेत सहज हसतात, रागावतात आणि झोपवताना गुणगुणतात, ती भाषा काढून घेतली तर मुलाचा आजी-आजोबांशी असलेला दुवा तुटतो आणि आईचे बोलणेही कृत्रिम होते. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही हेच लागू आहे. अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलांना शीघ्र हस्तक्षेपाच्या सेवा आणि त्यानंतर सरकारी शाळेमार्फत वैयक्तिक शिक्षण आराखडा मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. त्या आराखड्याच्या बैठकीत घरची भाषा मराठी आहे हे नोंदवून घ्यावे.

थेरपिस्ट निवडताना पात्रता तपासावी. विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात गैर काही नाही. सत्राच्या वेळी पालकांना कायम बाहेर बसवणारे केंद्र टाळावे.

औषधांबाबत थोडक्यात सांगायचे तर ऑटिझमच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. अतिशय चिडचिड किंवा स्वतःला इजा करून घेणे थांबत नसेल तर डॉक्टर रिस्पेरिडोनसारखे औषध देतात आणि त्याने वजन वाढण्यासारखे परिणाम होतात, म्हणून ते नियमित तपासणीखालीच घ्यावे. गहू आणि दूध बंद करण्याच्या आहाराला भक्कम पुरावा नाही, आणि मोजकेच पदार्थ खाणाऱ्या मुलाचे त्यातून कुपोषण होऊ शकते. मूलपेशी (स्टेम सेल) उपचारांच्या नावाखाली लाखो रुपये घेतले जातात. डॉक्टरांच्या व्यवसायाचे नियमन करणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ मध्येच ऑटिझमसाठी मूलपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही आणि तो देणे हे व्यावसायिक गैरवर्तन ठरेल असे स्पष्ट केले आहे. त्यासाठी दागिने मोडणाऱ्या पालकांना कोणीतरी वेळेवर हे सांगायला हवे.

शाळा आणि कागदपत्रे

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये संमत झाला. त्यात मान्य केलेल्या २१ दिव्यांगत्वांमध्ये ऑटिझमचा समावेश आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘आमच्याकडे अशी मुले घेत नाहीत’ हे उत्तर म्हणूनच कायद्याला धरून नाही. हक्क मिळवणे मात्र बहुधा बोलणीतून घडते. शाळेकडे जाताना निदानाचा जाड कागद नेण्यापेक्षा एका पानावर मूल कशाने अस्वस्थ होते, अशा वेळी काय केल्यास शांत होते आणि त्याला काय उत्तम येते, हे लिहून न्यावे. भिंतीवर चित्रांचे वेळापत्रक, घंटेच्या आवाजापासून दूरची जागा, मधल्या सुट्टीत शांत कोपरा, सूचना एकेक करून देणे, अशा गोष्टींना फारसा खर्च येत नाही. शॅडो टीचर, म्हणजे वर्गात मुलासोबत बसणारी मदतनीस, ठेवल्यास तिने मुलाचे काम करून देऊ नये, हळूहळू मागे सरावे. दहावी-बारावीला राज्य मंडळ दिव्यांग विद्यार्थ्यांना जादा वेळ आणि लेखनिक यांसारख्या सवलती देते, त्यांसाठी अर्ज आधीच्या वर्षापासून तयार ठेवावा. ज्यांना तो अभ्यासक्रम झेपत नाही त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा पर्याय खुला असतो.

प्रमाणपत्रासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राचा, अर्ज भरून नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात, म्हणजे बहुतेक ठिकाणी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये, तपासणीला जावे लागते. लहान वयात मिळालेले प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचे असते. ‘मुलावर शिक्का बसेल’ म्हणून अनेक घरे ते काढत नाहीत. ते शाळेला किंवा नातेवाइकांना दाखवणे न दाखवणे आपल्या हातात असते, परंतु ते नसेल तर सवलतींचे दार बंदच राहते. ऑटिझम, बौद्धिक अक्षमता अशा दिव्यांगत्वांसाठी असलेल्या राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमाकवच मिळते आणि त्यात थेरपीच्या खर्चाचाही समावेश आहे. आयकराच्या जुन्या पद्धतीत पालकांना ७५,००० रुपयांची आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट घेता येते.

मूल्यमापन एकदाच करून फाइल बंद करता येत नाही. पहिलीत जाताना, पाचवी-सहावीच्या सुमारास आणि वयात येताना गरजा बदलतात, म्हणून त्या त्या टप्प्यावर पुन्हा तपासणी करून आराखडा बदलावा. मासिक पाळीची पूर्वतयारी, खासगी आणि सार्वजनिक जागा यांतला फरक, नको असलेल्या स्पर्शाला नकार देणे, या गोष्टी दहाव्या वर्षापासून चित्रांच्या आधारे शिकवाव्या लागतात. मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याने आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत; ज्यांना आधाराची मोठी गरज आहे त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. तो करण्यापूर्वी आपली मुलगी किंवा मुलगा कोणते निर्णय स्वतः घेऊ शकतो, जेवण, कपडे, दिवसाचे काम, सोबतीची माणसे यांपैकी काय स्वतः निवडू शकतो, याची यादी त्यांच्यासोबत बसून करावी आणि ती अर्जाच्या वेळी समितीसमोर ठेवावी.